पॉइंट किती, किती शॉट खर्चून, आणि समोरच्याला किती दिले? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नेरूळच्या कोर्टावर रविवारी सकाळी आम्ही बास्केटबॉल खेळतो आणि स्कोअरबुक माझ्याकडे असतं. खेळ संपला की टपरीवर वाद सुरू होतो. सोमवारी तो ट्रान्स-हार्बरच्या गाडीत चालू राहतो आणि मंगळवारपर्यंत माझ्या फोनवर येऊन आदळतो. विषय एकच: अमका खरंच भारी आहे की नुसते शॉट मारत सुटतो, आणि तमका पॉइंट मारत नाही तरी संघात कसा? तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवतोय. आधीची उत्तरं सोपी आहेत, पुढची वादाची.

१. दादा, ज्याचे पॉइंट जास्त तोच चांगला स्कोअरर ना? हे एफिशिअन्सीचं काय नवीन?

पॉइंट फुकट येत नाहीत. बॉल दोन्ही संघांना आळीपाळीने मिळतो, त्यामुळे सामना संपेपर्यंत दोघांच्या वाट्याला जवळपास सारखीच पझेशन्स, म्हणजे बॉल ताब्यात असण्याच्या पाळ्या, येतात. चाळीस मिनिटांच्या सामन्यात साधारण सत्तरेक धरा. हेच संघाचं भांडवल. कोणी किती पॉइंट आणले हे विचारताना त्यासाठी भांडवलातलं किती खाल्लं, हेही विचारायला हवं. एफिशिअन्सी म्हणजे एवढंच.

एका रविवारचं घ्या. आपल्या डावखुऱ्याने २८ शॉट मारले. त्यातले १० पडले, दोन थ्री (रेषेबाहेरून मारलेले तीन पॉइंटचे शॉट) धरून २२ पॉइंट झाले, फ्री थ्रो (फाउलवर मिळणारे एका पॉइंटचे मोकळे शॉट) २ पैकी २. एकूण २४. उंच पोराने १० शॉट मारले, ७ पडले, फ्री थ्रो ४ पैकी २. एकूण १६. टपरीवर डावखुऱ्याचं कौतुक होणार. पण १८ वेळा त्याचा शॉट रिंगला लागून परत आला, आणि त्यातले बहुतेक बॉल समोरच्यांच्या हातात गेले.

२. मग शूटिंगची टक्केवारी बघितली की काम झालं?

नाही. साध्या टक्केवारीत दोन भोकं आहेत. तीन पॉइंटचा शॉट आणि दोन पॉइंटचा शॉट तिच्या लेखी सारखेच, आणि फ्री थ्रो तर ती बघतच नाही.

एनबीएमधल्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या व्यावसायिक लीगमधल्या, जेम्स हार्डनचा २०१८-१९ चा सीझन घ्या. सामन्याला ३६.१ पॉइंट, पण शूटिंग ४४.२ टक्के. नुसता हा आकडा बघणारा म्हणेल, एवढं काय त्यात. पण त्याचे निम्म्याहून जास्त शॉट थ्रीच्या रेषेबाहेरचे होते, आणि वर सामन्याला अकरा फ्री थ्रो. सगळं धरून हिशोब केला की तो लीगच्या सरासरीच्या बराच वर जातो.

पहिलं भोक बुजवायला 'इफेक्टिव्ह' टक्केवारी आहे. त्यात पडलेली प्रत्येक थ्री दीड बास्केट धरतात. फ्री थ्रोचं दुसरं भोकही बुजवतं ते 'ट्रू शूटिंग', त्यासाठी पुढचा प्रश्न वाचा.

३. ट्रू शूटिंग घरी वहीवर कसं काढायचं? आणि ते ०.४४ कुठून उपटलं?

पॉइंट भागिले (२ × (मारलेले शॉट + ०.४४ × मारलेले फ्री थ्रो)). मारलेले म्हणजे पडलेले आणि चुकलेले, सगळे.

०.४४ चं कारण सोपं आहे. फाउलवर सहसा दोन फ्री थ्रो मिळतात, म्हणजे एका फ्री थ्रोला अर्धं पझेशन खर्च झालं. पण बास्केट पडून वर मिळालेला एक जादा फ्री थ्रो, टेक्निकल (बेशिस्तीच्या) फाउलचा फ्री थ्रो किंवा थ्रीवरच्या फाउलचे तीन यांमुळे सरासरी अर्ध्याच्या थोडी खाली येते. तो आकडा एनबीएच्या खेळावरून बसवलेला आहे. आपल्या कोर्टावर तो तंतोतंत बसेलच असं नाही, पण आपण चंद्रावर यान पाठवत नाही आहोत.

सरावाला आवडीचं गणित. कोबी ब्रायंटने २२ जानेवारी २००६ ला टोरँटोविरुद्ध ८१ पॉइंट मारले: ४६ शॉट, २० फ्री थ्रो. २० गुणिले ०.४४ म्हणजे ८.८. त्यात ४६ मिळवले की ५४.८, दुप्पट १०९.६. ८१ ला त्याने भागा: ७३.९ टक्के. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ ला १०० मारले: ६३ शॉट, ३२ फ्री थ्रो. त्याचे येतात ६४.९ टक्के. शंभर हा शंभरच, पण तो सामना १६९-१४७ असा संपला होता. दोन्ही बाजूंनी शॉटचा नुसता पाऊस. मला विचाराल तर ८१ चा दिवस जास्त अवघड होता. ठाण्याची मंडळी यावर माझ्याशी बोलत नाहीत, तो भाग वेगळा.

पहिल्या प्रश्नातला डावखुरा या गणिताने ४१.६ वर येतो आणि उंच पोरगा ६८ वर.

४. किती ट्रू शूटिंग म्हणजे चांगलं? एक आकडा सांग ना.

एक आकडा नाही, कारण काळ बदलला. २००३-०४ मध्ये अख्ख्या एनबीएची सरासरी ५१.६ टक्के होती. २०२२-२३ मध्ये ती ५८.१ झाली. तेव्हाचा ५६ वाला मोठा कारागीर होता, आजचा ५६ वाला सरासरीच्याही खाली. म्हणून खेळाडूचा आकडा त्याच्याच सीझनच्या सरासरीशेजारी ठेवा. अॅलन आयव्हरसनला २००१ मध्ये एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम खेळाडू) मिळालं तेव्हा त्याचं ट्रू शूटिंग ५१.८ होतं. आजची पोरं ते वाचून हसतात. पण त्या वर्षी लीगची सरासरीही तेवढीच होती. म्हणजे तो वाईट नव्हता, सरासरी होता, आणि ३१.१ पॉइंटचं ओझं उचलून सरासरी होता. ते ओझं किती मोलाचं, ते प्रश्न ६ मध्ये.

रविवारच्या खेळासाठी आपली सरासरी आपणच काढायची. उघडं कोर्ट, खाडीकडून येणारा वारा, घासून गुळगुळीत झालेला बॉल. टीव्हीवरची सरासरी इथे लावलीत तर अख्खं नेरूळ नालायक ठरेल.

५. रूडी गोबेअर ७३ टक्के आणि स्टीफन करी ६७ टक्के. मग गोबेअर करीपेक्षा चांगला स्कोअरर?

हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो आणि पाठवणाऱ्याला वाटतं की पकडलं आता याला.

आकडे बरोबर आहेत. २०२१-२२ मध्ये गोबेअरचं ट्रू शूटिंग ७३ च्या वर होतं, २०१५-१६ मध्ये करीचं ६६.९. पण गोबेअर सामन्याला आठेक शॉट मारत होता, बहुतेक रिंगला लटकून, दुसऱ्याने आणून दिलेल्या बॉलवर. करीने त्या सीझनला ४०२ थ्री पाडल्या, सामन्याला ३०.१ पॉइंट, आणि त्याच्यावर दोन-दोन माणसं धावून येत होती. गोबेअरला सांगा की आठाचे वीस कर. पुढचे बारा कुठून आणणार तो? दहा फुटांवरून मारावे लागतील, आणि ७३ पत्त्यांच्या बंगल्यासारखे कोसळतील.

म्हणून ट्रू शूटिंगच्या शेजारी 'युसेज' बघतात: खेळाडू मैदानावर असताना संघाची किती टक्के पझेशन्स त्याच्या हातून संपली. सगळ्यांचा वाटा सारखा धरला तर प्रत्येकी २०. रसेल वेस्टब्रुक २०१६-१७ मध्ये ४१ च्या वर गेला होता. एवढ्या ओझ्याखाली त्याचं ट्रू शूटिंग ५५.४ राहिलं, लीगची सरासरी ५५.२.

६. शॉट क्लॉक संपत आलं की कोणाला तरी मारावाच लागतो. त्याची टक्केवारी पडली तर त्याचा दोष काय?

दोष नाही, आणि इथे आकडेवाल्यांनी थोडं नमतं घ्यावं असं माझं मत आहे. शॉट मारायला मिळालेल्या चोवीस सेकंदांतली बावीस चौघांनी बॉल इकडून तिकडे फिरवण्यात घालवली आणि मग एकाच्या हातात निखारा ठेवला, तर तो शॉट त्याच्या नावावर लागतो आणि चौघांची टक्केवारी कोरी राहते. आयव्हरसनच्या त्या संघात हेच चालायचं. बाकीचे डिफेन्स आणि रिबाउंडला (चुकलेल्या शॉटचा बॉल पकडायला), शॉट हा एकटा बनवणार.

पण हीच सबब आपल्याकडे भलत्यांना मिळते. आपल्या डावखुऱ्याचे २८ शॉट मी एकदा वेळ लावून बघितले. बहुतेक पहिल्या सात-आठ सेकंदांत सुटलेले. तेव्हा क्लॉक संपलं नव्हतं, पेशन्स संपला होता.

७. टर्नओव्हर यात कुठे धरतात?

ट्रू शूटिंगमध्ये कुठेच नाही. बॉल हातातून गेला की पझेशन शून्य पॉइंटवर संपलं, म्हणजे चुकलेल्या शॉटपेक्षा वाईट, कारण चुकलेल्या शॉटवर निदान रिबाउंड मिळू शकतो. म्हणून स्कोअरबुकमध्ये वेगळा रकाना ठेवा.

८. डिफेन्ससाठी स्टील (हिसकावलेला बॉल) आणि ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट) मोजतो आम्ही. पुरे ना?

सुरुवात म्हणून ठीक. पण आयव्हरसनचंच बघा. २००१, २००२ आणि २००३ अशी ओळीने तीन वर्षं तो स्टीलमध्ये लीगमध्ये पहिला होता, आणि कारकिर्दीत एकदाही ऑल-डिफेन्सिव्ह संघात, म्हणजे सीझनच्या सर्वोत्तम डिफेंडरांच्या यादीत, निवडला गेला नाही. कारण स्टील हा बरेचदा जुगार असतो. पासवर झेप घेतली आणि लागली तर टाळ्या. नाही लागली तर मागे पाच विरुद्ध चार, आणि तो पडलेला लेअप (रिंगजवळचा सोपा शॉट) ज्याने झेप घेतली त्याच्या नावावर कोणी लिहीत नाही.

ब्लॉकचंही तसंच. बॉल प्रेक्षकांत भिरकावला की व्हिडिओ छान होतो, पण बॉल परत त्यांचाच. हलका टिचकी मारून साथीदाराकडे वळवलेला ब्लॉक खरा कमाईचा. जुन्या काळच्या बिल रसेलची ख्याती याच दुसऱ्या प्रकारासाठी होती. आणि ज्या ब्लॉकरला बघून समोरचा आत शिरतच नाही, त्याचा ब्लॉकचा रकाना उलट रिकामा दिसतो.

९. मग चांगला डिफेंडर ओळखायचा कसा? नुसत्या डोळ्यांनी?

हो, डोळ्यांनी, पण डोळे बॉलवरून काढून. हीच सगळ्यात अवघड सवय.

टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे असतो. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज खेळायला आले. पहिला सामना ओव्हरटाइममध्ये १३२-१३१ असा पेसर्सने काढला. वरच्या रांगेतून बघताना आमच्यातल्या अर्ध्यांना पहिल्यांदाच कळलं की बॉल नसलेले डिफेंडर सतत बोलत असतात. हात दाखवतात, मागच्याला ढकलून जागेवर आणतात. टीव्हीवर हे दिसतच नाही.

मी वहीत काय लिहितो ते सांगतो. एक, माणूस ड्रिबलवर किती वेळा सुटला. दोन, स्क्रीन (समोरच्याच्या साथीदाराने वाटेत उभं राहून घातलेला अडसर) आली तेव्हा डिफेंडर तिच्यावरून गेला, खालून गेला की तिथेच चिकटून बसला. तीन, मदतीला आत गेल्यावर आपल्या शूटरकडे परत किती वेगाने आला, आणि आल्यावर हवेत उडाला की पाय जमिनीवर ठेवले. उडणारा दिसायला जोशात दिसतो, पण शूटर एक पंप फेक (शॉट मारल्याचं सोंग) करतो आणि हा बाहेरच्या जाळीपर्यंत जातो. चार, शॉट गेल्यावर वळून बॉक्स आउट केला (आपल्या माणसाला पाठीने रिंगपासून लांब ठेवलं) की बॉलकडे बघत उभा राहिला. आणि पाच, बास्केट खाल्ल्यावर कोणाकडे बोट दाखवलं. हे शेवटचं गमतीने लिहायला लागलो होतो, पण पाच-सहा रविवारांनंतर बघितलं तर सगळ्यात जास्त बोटं दाखवणाऱ्याचीच माणसं सगळ्यात जास्त सुटली होती.

या कशालाच अधिकृत रकाना नाही. एनबीएमध्ये २०१३-१४ पासून सगळ्या स्टेडियममध्ये वरून टिपणारे कॅमेरे आले, तेव्हा कुठे यातलं काही मोजता यायला लागलं. आपल्याकडे तो कॅमेरा म्हणजे राखीव बाकावर बसलेला कोणीतरी.

१०. प्लस-मायनस सगळ्यात प्रामाणिक नाही का? तो असताना संघ पुढे की मागे, विषय संपला.

विचार चांगला आहे, गोची त्याच्या सोबत कोण होतं याची. आपल्या रविवारच्या खेळात उंच पोरगा आणि त्याचा भाऊ नेहमी एकाच वेळी आत येतात आणि एकाच वेळी बाहेर जातात. दोघांचं प्लस-मायनस हुबेहूब सारखं येतं. भाऊ बहुतेक वेळ बुटाची लेस बांधत असतो.

एनबीएमधले अभ्यासक यावर उपाय म्हणून सोबतचे नऊ जण कोण होते ते धरून आकडा दुरुस्त करतात, पण त्यालाही हजारो पझेशन्स लागतात. शेन बॅटिएसारखा खेळाडू मात्र याच चष्म्यातून दिसला. ना फार पॉइंट, ना फार रिबाउंड, पण तो आत असला की त्याचा संघ सुधारायचा आणि समोरचा स्टार बिघडायचा. एका सामन्याचं प्लस-मायनस दाखवून माझ्याशी वाद घालू नका. दहा सामन्यांचं आणा.

११. माझ्या माणसाने २५ मारले. म्हणून मी वाईट डिफेंडर ठरतो का?

आधी सांगा, किती शॉटमध्ये? ३० शॉट मारून २५ काढले असतील तर तू त्यांच्या संघाचं भांडवल जाळलंस, चहा माझ्याकडून. प्रश्न १ चं गणित उलट्या बाजूने लाव.

दुसरं, ते २५ खरंच तुझ्यावरच आले का? स्विच झालं, म्हणजे डिफेंडरांनी माणसं बदलली, तेव्हा तो दुसऱ्याकडे होता. फास्ट ब्रेकवर, म्हणजे झटपट हल्ल्यावर, तू दुसऱ्या टोकाला होतास. कॉर्नरची थ्री पडली तेव्हा तू आत मदतीला गेला होतास, कारण तुझ्या मित्राचा माणूस सुटला होता. बास्केट ज्याच्या माणसाने केली त्याच्या नावावर लागते, चूक दोन पास आधीची असली तरी.

आणि सगळ्यात कठीण माणूस ज्याला देतात, त्याच्यावर जास्त पॉइंट होणारच. संघातल्या सगळ्यात ढिल्या डिफेंडरला कोपऱ्यात उभं राहणारा काका दिला जातो आणि त्याची वही स्वच्छ राहते.

१२. डिफेन्स कडक, पण शॉट अजिबात नाही. असा खेळाडू पाचात ठेवायचा का?

समोरचा कोच किती निर्दय आहे यावर अवलंबून आहे. टोनी अॅलन ऑल-डिफेन्सिव्ह संघात सहा वेळा निवडला गेला. कोबीने त्याला आपल्यासमोरचा सगळ्यात चांगला डिफेंडर म्हटलं होतं. २०१५ च्या प्लेऑफमध्ये (सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) मेंफिसविरुद्ध गोल्डन स्टेटचे कोच स्टीव्ह कर यांनी काय केलं, तर आपला सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) अँड्र्यू बोगट कागदोपत्री अॅलनवर लावला आणि प्रत्यक्षात रिंगखाली उभा केला. अॅलन बाहेर मोकळा. मार म्हणाले. त्याचा शॉट पडेना, आणि आत मेंफिसच्या उंच खेळाडूंना हलायला जागा उरेना. म्हणजे एकाच्या नसलेल्या शॉटने दुसऱ्यांचे शॉट खराब केले, आणि हे नुकसान अॅलनच्या स्वतःच्या टक्केवारीत कुठेच दिसत नाही.

करीचं याच्या बरोबर उलट. तो बॉलशिवाय नुसता पळाला तरी दोन डिफेंडर खेचले जातात आणि साथीदाराला सोपा लेअप मिळतो. तो फायदाही त्याच्या ट्रू शूटिंगमध्ये नाही.

आपल्याकडे मात्र ठेवाच. असा निर्दयपणा करण्याइतकी शिस्त आपल्या समोरच्या संघांत मी अजून बघितलेली नाही.

१३. स्कोअरिंग आणि डिफेन्स एकाच तराजूत कसे तोलायचे? एक सफरचंद, एक संत्रं.

पझेशनच्या तराजूत. गणित पूर्णपणे मानलेल्या आकड्यांचं आहे, पण रीत कळेल.

धरा, आपल्याकडे एका पझेशनला सरासरी ०.९ पॉइंट होतो. चांगला स्कोअरर १८ पझेशन्स वापरतो आणि प्रत्येकी १.१ काढतो. सरासरीपेक्षा ०.२ जास्त, अठरा वेळा: ३.६ पॉइंटचा फायदा.

आता बाहेरचा कडक डिफेंडर. तो समोरच्या स्टारवर आहे, स्टारची १८ पझेशन्स, आणि याने त्याला १.१ वरून ०.९ वर आणलं. तेही ३.६. बरोबरी! पण समोरच्यांनी त्याच्यापासून लांब, दुसऱ्याकडून खेळायचं ठरवलं तर याचा वाटा घटतो. स्कोअररला बॉल मागून घेता येतो, डिफेंडरला समोरचा संघ टाळू शकतो. म्हणून बाहेरच्या डिफेंडरचं मोल स्कोअररपेक्षा थोडं कमीच भरतं.

रिंगखालच्या डिफेंडरला मात्र टाळता येत नाही, कारण सगळे रस्ते शेवटी तिथेच जातात. त्याने सत्तरच्या सत्तर पझेशन्सना प्रत्येकी जेमतेम ०.०५ ने खाली ओढलं तरी ३.५ होतात. म्हणून 'डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर' बहुतेक वेळा उंच माणसांना जातं. गोबेअर, डिकेंबे मुटोंबो आणि बेन वॉलेस यांनी ते चार-चार वेळा घेतलं. २०२२ मध्ये मार्कस स्मार्टला मिळालं तेव्हा १९९६ च्या गॅरी पेटननंतरचा तो पहिला गार्ड (बाहेरून खेळणारा बुटका खेळाडू) होता. वॉलेसची कारकिर्दीची सरासरी ५.७ पॉइंट आणि फ्री थ्रो ४१ टक्के. तरी २००४ मध्ये डेट्रॉइटने लेकर्सना ४-१ ने हरवलं तेव्हा तो त्या संघाचा कणा होता, आणि २०२१ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला.

१४. मग २०२१ च्या प्लेऑफमध्ये गोबेअर उघडा का पडला?

सामना क्रमांक सहा, युटा विरुद्ध क्लिपर्स. युटा २५ ने पुढे होते आणि १३१-११९ ने हरले. टेरन्स मॅनने ३९ मारले, त्यात सात थ्री. क्लिपर्सने पाचही शूटर उभे केले, म्हणजे गोबेअरला एकाच वेळी रिंग आणि कॉर्नर दोन्ही सांभाळायचे होते. तो रिंगकडे गेला की मॅन मोकळा.

लोक म्हणतात गोबेअर फसला. माझं म्हणणं, बाहेरचे गार्ड आपला माणूस अडवू शकत नव्हते, म्हणून त्याला दर वेळी आत धावावं लागलं. प्रश्न ११ मधली 'दोन पास आधीची चूक' इथे अख्ख्या जगाने पाहिली आणि बिल उंच माणसाच्या नावावर फाडलं.

आपल्या स्पर्धांत नियम फिबाचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचे, असतात, आणि तिथे उंच माणसाचं मोल थोडं वाढतं. एनबीएमध्ये डिफेंडरला कोणालाही न धरता रंगवलेल्या भागात तीन सेकंदांहून जास्त उभं राहता येत नाही. फिबात तशी अट नाही. शिवाय शॉट रिंगला लागल्यावर फिबात रिंगवरचा बॉल उडवता येतो, एनबीएमध्ये तो गोलटेंडिंग, म्हणजे नियमभंग, धरतात.

१५. आमच्या सोसायटीत हाफ कोर्ट आहे, आत एक आणि बाहेरून दोन पॉइंट. तिथे हे गणित चालतं का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त चुकतं. पूर्ण कोर्टावर बाहेरचा शॉट आतल्याच्या दीडपट. थ्री बाय थ्रीमध्ये, म्हणजे तुमच्या हाफ कोर्टच्या खेळात, थेट दुप्पट. आतून ५० टक्के मारणारा आणि बाहेरून २५ टक्के मारणारा सारखेच ठरतात. म्हणून तिथे साधारण शूटरही सोन्याचा, आणि बाहेर न येणारा उंच डिफेंडर महाग पडतो. फ्री थ्रो एका पॉइंटचाच, म्हणजे आतल्या बास्केटएवढा.

प्रश्न ३ चं सूत्र जसंच्या तसं लावू नका. मी तिथे पॉइंट भागिले वापरलेली पझेशन्स, टर्नओव्हरसकट, एवढंच काढतो. आणि रेषा मोजून घ्या. फिबाची रेषा ६.७५ मीटरवर असते. घणसोलीच्या एका सोसायटीत ती पार्किंगच्या खांबाला अडून साडेपाचवर वळवली आहे. तिथला प्रत्येक जण स्वतःला करी समजतो.

१६. चेंबरलेन की रसेल? जुन्यांना या मापाने मोजता येतं?

अर्धवट. चेंबरलेनने १९६१-६२ मध्ये सामन्याला ५०.४ पॉइंट काढले, शूटिंग ५०.६ टक्के, तेव्हा लीगची सरासरी ४२.६ होती. फ्री थ्रो मात्र ६१ टक्के. स्कोअरिंगचा हिशोब लागतो. रसेलचं कारकिर्दीचं शूटिंग ४४ टक्के आणि तेरा सीझनमध्ये अकरा विजेतेपदं, पण ब्लॉक आणि स्टील एनबीएने १९७३-७४ पासून मोजायला घेतले. रसेल १९६९ लाच निवृत्त झाला. त्याच्या मुख्य कामाची नोंदच नाही, आणि ज्याची नोंद आहे ते त्याचं मुख्य काम नव्हतं.

१७. दोन्हीत अव्वल असा कोणी झाला का?

एकाच सीझनला एमव्हीपी आणि डिफेन्सिव्ह प्लेअर ऑफ द इयर दोन्ही घेणारे तिघे: मायकल जॉर्डन १९८८, हकीम ओलाजुवान १९९४, यानिस अँटेटोकुम्पो २०२०. जॉर्डन त्या सीझनला सामन्याला ३५ पॉइंट मारून स्कोअरिंगमध्येही पहिला होता.

१८. किती सामन्यांनंतर मत बनवायचं?

समजा एखाद्याचा थ्रीचा खरा दर्जा ३५ टक्के आहे. वीस थ्रीमध्ये त्याच्या पाच पडल्या किंवा नऊ पडल्या, दोन्ही अगदी स्वाभाविक आहे. म्हणजे एका महिन्यात तोच मुलगा २५ टक्केवाला गाढव आणि ४५ टक्केवाला हिरो दिसू शकतो, काहीही न बदलता. फ्री थ्रोवरून हाताचा अंदाज लवकर येतो, कारण तिथे डिफेंडर नसतो.

१९. सर, आमच्या मुलाचे शाळेच्या स्पर्धेत सर्वांत जास्त पॉइंट होते, तरी निवड झाली नाही. असं का?

काका-काकू, निवड करणाऱ्यांच्या मनातलं मला माहीत नाही. पण मुलाच्या तीन सामन्यांचा व्हिडिओ असेल तर एकदा त्याच्याकडे बॉल नसतानाचाच भाग बघा. डिफेन्सला परततो का, चालत की पळत? शाळेच्या पातळीवर उंच किंवा लवकर वाढलेला मुलगा नुसत्या अंगाने पॉइंट काढतो, आणि दोन वर्षांत बाकीचे उंचीला गाठतात. तेव्हा पाय आणि सवयी उरतात. आणि चौदा वर्षांच्या मुलासमोर कृपा करून ट्रू शूटिंगचा आकडा काढू नका. तो शॉट मारायलाच घाबरेल.

२०. दादा, एवढं सगळं लिहितोस, तुझं स्वतःचं ट्रू शूटिंग किती?

मागच्या रविवारी एक जण कमी होता म्हणून उतरलो. ९ शॉट, २ बास्केट, फ्री थ्रो २ पैकी १. ५ भागिले १९.७६, म्हणजे २५.३ टक्के. डिफेन्सचं माझ्या माणसाला विचारा. त्याने त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.